घरून अनुवाद-लेखनाचं काम: पहिल्या शब्दाआधी आणि शेवटच्या शब्दानंतर

घरून मराठी लेखन-अनुवादाचं काम करायचंय म्हणून महिन्याला दोघं-तिघं तरी मला फोन करतात. कुणाची भाषा उत्तम असते, कुणाची बरी. सहा महिन्यांनी मात्र बहुतेकांची तक्रार एकाच जातीची निघते: काम केलं पण पैसे अडकले, किंवा रात्र जागून फाइल दिली आणि ती तशीच परत आली. भाषा कच्ची म्हणून काम गेल्याचं त्या मानाने कमी ऐकू येतं. चुकतो तो क्रम. फाइल आली रे आली की माणसं टंकायला बसतात. मी बारा वर्षं पुण्यात घरी बसून हेच करते आहे आणि माझा जवळजवळ एक तृतीयांश वेळ टंकण्याच्या आधी नाहीतर नंतर जातो. हा लेख त्या एक तृतीयांशाचा.

लेखन म्हणजे इथे पोटापाण्याचं लेखन: अनुवाद, माहितीपत्रकं, जाहिराती, ॲपमधला मजकूर, प्रकाशकांची पुस्तकं. कवितेला यातलं फारसं काही लागत नाही.

## टप्पा १: जागा, वीज आणि घरातली माणसं

टेबल-खुर्चीवर फार शब्द खर्च करत नाही. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा म्हणजे मान वाकणार नाही, आणि वेगळा कीबोर्ड घ्या. पलंगावर बसून काम करणाऱ्यांची पाठ वर्षभरात बोलायला लागते.

विजेचं आधी बघा. आमच्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तुमच्या गावचा वार कोणता ते शोधा आणि त्या वारी फाइल द्यायचं कबूल करू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही, हे वीज गेल्यावरच आठवतं. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडून काम होतं का, हे एकदा निवांतपणे करून बघा, आणीबाणीच्या दिवशी नव्हे.

खरी अडचण माणसांची. तुम्ही घरी दिसता म्हणजे मोकळे आहात, असं सगळ्यांना वाटतं. सिलिंडरवाला, शेजारच्या काकूंचं कुरिअर, सोसायटीच्या टाकीची सफाई, सगळ्यांवर एकच उपाय सांगितला जातो: "ती असते की घरी." मी तीन वर्षं रागावून पाहिलं, काही झालं नाही. मग तासांचा कागद दाराला लावला: पहाटे ५:३० ते ७:३० आणि सकाळी १०:३० ते १:३०. या पाच तासांत दार बंद आणि फोन बाहेर. दुपारी मात्र मी खरोखर मोकळी असते. काकूंचं पार्सल घेते, बँकेत जाते. दिवसभर काम चालू आहे असं म्हणणाऱ्याचा शब्द घरात कुणी मानत नाही. ठरावीक तास सांगितले तर सासूबाईसुद्धा पाहुण्यांना हळू बोलायला सांगतात.

तपासा: एक आठवडा वही ठेवा. ठरवलेल्या तासांत किती वेळा उठलात आणि कशासाठी, एवढंच लिहा. दिवसाला तीनपेक्षा जास्त वेळा उठणं होत असेल तर तास बदला, घरच्यांशी भांडू नका.

## टप्पा २: कळफलक आणि युनिकोड

इथे निम्मे नवे लोक अडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पहिली गोष्ट, टंकायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या प्रमाण पद्धतीत. श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तुमच्या पडद्यावर मराठी दिसतो, समोरच्याकडे तो फाँट नसेल तर किडे-मुंग्या दिसतात. छापखान्यांतून आणि काही प्रकाशकांकडून अजून या फाइली येतात. आल्या तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण लगेच विश्वास टाकू नका. ऱ्हस्व इकार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, 'द्ध', 'ष्ट्र', 'ज्ञ' फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. रूपांतरित फाइल मूळ छापील प्रतीशी ओळीला ओळ लावून वाचावीच लागते आणि त्या वेळेचे पैसे वेगळे लावायचे असतात.

दुसरी गोष्ट, इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिका. रोमन अक्षरं टंकून मराठी उमटवणाऱ्या सोयी सुरुवातीला गोड वाटतात, पण त्या तुमचा शब्द ओळखतात, तुम्ही लिहिता तो शब्द लिहीत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. रोज अर्धा तास दिलात तर महिन्या-दीड महिन्यात बोटं बसतात. तेवढा काळ वेग पडेल, जीव मेटाकुटीला येईल, तरी सोडू नका.

आता एक गोष्ट भिंग लावून पाहू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण. फरक त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'र'चा. रोमन टंकणाऱ्यांच्या मजकुरात 'दुसर्या', 'करणार्या' अशा रफाराच्या चुका शेकड्यांनी सापडतात. इनस्क्रिप्टमध्ये उपाय सोपा आहे: शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की 'ऱ' येतो, मग 'डी'च्या कळीवर हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळीवर 'य'. झाला 'ऱ्य'. काही जण साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तेच रूप आणतात. दिसायला सारखंच, पण संगणकाला ती दोन वेगळी रूपं आहेत. 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मेच सापडतात.

'ॲ'चंही तेच. तो एका अक्षराने उमटतो, 'अ'वर चंद्र देऊनही उमटतो, आणि हिंदी कळफलकावरचा 'ऍ' तिसराच. 'ॲप' हा शब्द फाइलभर तीन तऱ्हांनी असेल तर ग्राहकाचं तपासणीचं साधन त्याला तीन चुका म्हणतं. रूप एकच ठरवा.

तपासा: 'दुसऱ्या', 'बिचाऱ्याला', 'ॲसिड', 'ऑफिस', 'उत्स्फूर्त', 'ब्रह्मांड', 'वाङ्मय' हे सात शब्द न अडखळता टंकता आले की पुढे चला.

## टप्पा ३: स्वतःचा वेग मोजा, अंदाज करू नका

"दिवसाला चार हजार शब्द सहज होतील," असं नवा माणूस सांगतो. त्याने टंकण्याचा वेग मोजलेला असतो, कामाचा नाही.

असं मोजा. पाचशे-पाचशे शब्दांचे तीन इंग्रजी उतारे घ्या: एक बँकेच्या जाहिरातीचा, एक शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचा, एक शेतीविषयक माहितीचा. प्रत्येकाचा अनुवाद करा, घड्याळ लावून. मग तास-दोन तास दुसरं काही करा आणि परत येऊन मुळाशी ताडून तपासा, तेही घड्याळ लावून. दोन्ही वेळा मिळवा. समजा पहिल्याला १ तास १० मिनिटं लागली आणि तपासायला ३५, तर एकूण पावणेदोन तास, म्हणजे तासाला सुमारे २८५ शब्द. दिवसाचे पाच खरे तास धरले तर साधारण १,४००. संमतिपत्राचा आकडा याहून बराच खाली येतो, तो वेगळा लिहून ठेवा.

हा आकडा कुणाला सांगायचा नाही, लाजायचंही नाही. त्याचा उपयोग एकच: ७,००० शब्दांची फाइल आली तर पाच दिवस अधिक एक राखीव, असे सहा दिवस मागायचे. राखीव दिवस तापाच्या मुलासाठी, गेलेल्या विजेसाठी आणि मूळ मजकुरातल्या शंकांसाठी असतो. आयुष्यात एकदाही तो शिल्लक राहिला नाही.

## टप्पा ४: नमुने तयार करा, मग काम शोधा

बायोडेटात 'मराठी-इंग्रजी-हिंदीवर प्रभुत्व' असं लिहिणारे हजार आहेत. तुम्ही तीन नमुने ठेवा, वर मोजमापासाठी केलेलेच चालतील. पानभर मूळ, पानभर मराठी, शेजारी शेजारी. विषय दोनच निवडा, ज्यात तुम्हाला खरोखर गती आहे. परिचारिका म्हणून काम केलेल्या बाईंनी आरोग्याचे नमुने ठेवावेत, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी कर्जाचे. 'सर्व विषय' लिहिणाऱ्याला कुठलाच विषय मिळत नाही.

जुन्या ग्राहकाची गोपनीय फाइल नमुना म्हणून पाठवू नका. जो तुमच्याकडून ती घेतो तोच मनात म्हणतो, उद्या माझीही फिरवील.

अनुवाद संस्था चाचणी मागतात. अडीचशे-तीनशे शब्दांपर्यंत फुकट द्यायला हरकत नाही. दोन हजार शब्दांची 'चाचणी' म्हणजे कुणाचं तरी काम फुकटात उरकणं आहे; तुम्हाला पान १ ते ५ आणि तुमच्या मैत्रिणीला ६ ते १० आलं असेल तर समजून जा. दिवाळी अंकांचं वेळापत्रक वेगळं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून सुरू होते. गणपतीत लेख पाठवणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षीचं उत्तर येतं.

सावध: 'घरबसल्या टायपिंग' म्हणून नोंदणी फी किंवा अनामत मागणारं काम हे काम नव्हेच. याचा दुसरा अवतार जास्त वाईट: आधी पैसे मागत नाहीत, अशक्य अचूकतेची अट घालून करारावर सही घेतात, आठवड्याने 'तुमच्या चुकांमुळे आमचं नुकसान झालं' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि तडजोडीचे पैसे उकळतात. घाबरून पैसे भरू नका. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, संदेश आणि करार जपून ठेवा.

## टप्पा ५: 'हो' म्हणण्याआधी

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून सावकाश वाचा.

माझं सांगते. सुरुवातीच्या काळात एका संस्थेचं आरोग्यपत्रकांचं काम आलं, अकरा हजार शब्द. फोनवर दर ठरला, मी खूश. बिल पाठवलं तर हातात आले ठरल्याच्या जेमतेम साठ टक्के. कारणं दोन. त्यांनी मोजले होते मराठी शब्द, मी धरले होते इंग्रजी. शिवाय पत्रकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे पैसे त्यांनी कापले होते. दोन्ही गोष्टी धंद्यात चालतात. त्या मी विचारल्याच नव्हत्या.

तर विचारायचं ते या क्रमाने, आणि फोनवर ठरलं तरी अर्ध्या तासात ईमेलवर लिहून पाठवायचं: 'आपलं असं ठरलं, चूक असेल तर कळवा.'

१. मोजणी कशाची? मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. 'डॉक्टरांच्या दवाखान्यात' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्यांचे चार-पाच होतात. माझ्या फाइलींत हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत आठशे ते साडेआठशे होतात. शब्दाला एक रुपया दर असेल तर नुसत्या मोजणीच्या फरकाने हजारामागे दीडशे-दोनशे रुपये जातात. मूळ शब्दांवर मोजणी मागा. मराठीवरच मोजणार असतील तर दर त्या हिशोबाने वाढवा.

२. पुनरावृत्तीचं काय? संस्था ट्रान्सलेशन मेमरी वापरतात: आधी अनुवादित झालेलं वाक्य पुन्हा आलं की साधन ते पुढ्यात ठेवतं. अगदी तंतोतंत जुळणाऱ्या वाक्यांना कमी दर किंवा शून्य, थोड्या जुळणाऱ्यांना मधला. शून्य दर असेल तर ती वाक्यं तपासण्याची जबाबदारी तुमची नाही, हे लिहून घ्या. साधन शिकायचं असेल तर ओमेगाटी मोफत आहे, सरावाला पुरेसं.

३. नव्याने अनुवाद की यंत्राचा अनुवाद सुधारायचा? दुसऱ्या प्रकाराला दर बराच कमी असतो आणि 'नुसती नजर टाकायची' असं सांगितलं जातं. दोन पानं बघितल्याशिवाय होकार देऊ नका. कधीकधी यंत्राचं वाक्य पुसून नवं लिहिणं जास्त लवकर होतं. मग कमी दराने तुम्ही पूर्ण काम करत असता.

४. मराठी कुठली? 'केले-गेले' की 'केलं-गेलं'? अंक देवनागरी की इंग्रजी? वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण'? 'जतन करा' की 'सेव्ह करा'? ग्राहकाकडे शब्दसूची किंवा शैलीपत्रक असेल तर आधी मागा. नसेल तर तुम्हीच दहा ओळींचं करून पाठवा आणि मान्यता घ्या. फाइल परत येण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे आणि त्याला दहा मिनिटं लागतात.

५. दुरुस्त्या किती वेळा? एक फेरी फुकट. मूळ मजकूरच बदलला तर नवा दर.

६. पैसे कधी? 'काम झाल्यावर' हे उत्तर नव्हे. बिलाच्या तारखेपासून किती दिवसांत, ते लिहून घ्या. पुस्तकासारखं मोठं काम असेल तर हप्ते पाडा: करारावर काही, अर्धा मजकूर दिल्यावर काही, उरलेले संपूर्ण मजकूर दिल्यावर. 'पुस्तक प्रकाशित झाल्यावर' हा हप्ता मान्य करू नका, प्रकाशन तुमच्या हातात नसतं.

पुस्तकाचा अनुवाद असेल तर आणखी दोन गोष्टी. मूळ हक्कधारकाची परवानगी प्रकाशकाकडे लेखी आहे का, ते पाहा. 'मिळेलच' यावर चारशे पानं करू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो, त्यानंतर लेखन मोकळं होतं. इथे एक फसगत नेहमी होते. टॉल्स्टॉय १९१० साली वारला, त्याचं रशियन लेखन केव्हाच मोकळं आहे; पण तुम्ही ज्या इंग्रजी अनुवादावरून मराठी करणार, तो अलीकडचा असेल तर त्या इंग्रजी अनुवादकाचा त्यावर स्वतंत्र हक्क असतो.

आणि तुमचा स्वतःचा हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून करारातली 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' ही ओळ नुसती शोभेची नसते. मोबदला तेवढा मोठा असेल तर सही करा, नाहीतर मुदत घाला. ऑडिओबुकचा हक्क वेगळा लिहायला सांगा.

तपासा: सहाही प्रश्नांची उत्तरं एका ईमेलमध्ये आहेत का? एक जरी 'नंतर बघू' असेल तर अजून टंकायला बसू नका.

## टप्पा ६: काम करण्याचा क्रम

पूर्ण फाइल आधी वाचा. शेवटच्या पानावर असा शब्द असतो, जो पहिल्या पानावरचा तुमचा पर्याय खोटा पाडतो. वाचताना शंका आणि संज्ञा वेगळ्या कागदावर उतरवा. शंका एकगठ्ठा पहिल्याच दिवशी पाठवा. रोज एक प्रश्न विचारणारा अनुवादक कुणाला आवडत नाही.

मग संज्ञा ठरवा. परिभाषा हवी असेल तर शासनाचे परिभाषा कोश पाहा, पण डोळे मिटून उचलू नका. कोशातला शब्द अचूक असतो, वाचकाला कळेलच असं नाही. रुग्णाच्या पत्रकात 'उच्च रक्तदाब' चालतो, 'अतिरक्तदाब'वर माणूस थबकतो.

मग पहिला खर्डा, न थांबता. अडलेला शब्द पिवळा करा आणि पुढे जा. एका शब्दासाठी अर्धा तास नेटवर फिरणं म्हणजे काम नव्हे, कामाचा आव आहे.

दुसऱ्या दिवशी मूळ मजकूर बाजूला ठेवून फक्त मराठी वाचा, मोठ्याने. एक नमुना बघा. बँकेच्या फाइलीतलं वाक्य पहिल्या खर्ड्यात असं उतरतं:

'तुमच्या खात्याची सुरक्षितता सुनिश्चित करण्यासाठी कृपया तुमचा ओटीपी कोणाशीही सामायिक करू नका.'

व्याकरणाची चूक एकही नाही. पण असं कुठली आई मुलाला सांगते? 'सुनिश्चित करणे', 'सामायिक करणे' हे शब्द फक्त अनुवादात राहतात. दुसऱ्या दिवशी ते असं झालं:

'खाते सुरक्षित राहावे म्हणून ओटीपी कोणालाही सांगू नका.'

अर्थ तोच, शब्द बारावरून आठवर. एक 'तुमच्या' आणि एक 'तुमचा' तर विनाकारणच होते, मराठीत खातं कुणाचं ते सांगावं लागत नाही. अशी वाक्यं डोळ्यांना दिसत नाहीत, कानाला लागतात. म्हणून मोठ्याने.

ॲपचा मजकूर असेल तर महिरपी कंसातले शब्द आणि चिन्हं जशीच्या तशी ठेवा, त्यांचा अनुवाद झाला तर ॲप बंद पडतं. त्या जागी कोणता आकडा येऊ शकतो ते विचारा: '५ संदेश आले आहेत' बरोबर, '१ संदेश आले आहेत' चूक. एकवचन-अनेकवचनाची सोय नसेल तर वाक्यच फिरवा: 'नवीन संदेश: १'. माणसाचं नाव येणार असेल तर 'गेला' की 'गेली' हा प्रश्न उभा राहतो. 'राहुलने फोटो पाठवला', 'सीमाने फोटो पाठवला' अशी 'ने'ची रचना केली की क्रियापद फोटोच्या मागे जातं आणि लिंगाचा घोळ मिटतो.

शुद्धलेखनासाठी १९६२ साली मान्य झालेले १४ आणि १९७२ चे ४, असे १८ नियम आहेत. एका कागदावर मावतात, समोर चिकटवा. तपासणीच्या साधनावर विसंबू नका: 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' दोन्ही त्याच्या लेखी बरोबरच.

सावध: फाइल तीन ठिकाणी ठेवा: लॅपटॉपवर, क्लाउडवर आणि पेन ड्राइव्हवर. नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशा तीन फाइलींतली चुकीची मी पाठवलेली आहे.

## टप्पा ७: फाइल पाठवताना

आकडे, तारखा, फोन नंबर, औषधांची मात्रा आणि नावं मुळाशी बोट ठेवून ताडा. 'मिलियन'चे 'दशलक्ष' करताना शून्यं मोजा. मग 'फाइंड'मध्ये रिकाम्या दोन जागा, टिंबाआधीची जागा आणि उरलेला पिवळा रंग शोधा. फाइल दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, निदान मोबाइलवर उघडून पाहा. युनिकोडमध्ये कुठे ठोकळे दिसत असतील तर इथेच दिसतात.

ईमेलमध्ये तीनच ओळी: काय पाठवलं, किती शब्द, कुठल्या शंका तुम्ही कशा सोडवल्या. माफी मागू नका, 'घाईत केलं आहे, सांभाळून घ्या' तर मुळीच लिहू नका.

## टप्पा ८: बिल, टीडीएस आणि वसुली

बिल फाइलीच्या दिवशीच पाठवा. महिनाअखेरीस एकत्र पाठवू म्हणणाऱ्यांचं एखादं राहतंच. त्यावर क्रमांक, तारीख, कामाचं नाव, शब्दसंख्या (मूळ की मराठी तेही), दर, रक्कम, पॅन, बँकेचा तपशील आणि पैसे देण्याची मुदत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना जीएसटी नोंदणी लागत नाही, मग बिलात जीएसटी लावूही नका.

पैसे कमी आले की नवे लोक धसका घेतात. आधी टीडीएस बघा, म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून ठेवलेला प्राप्तिकर. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के कापतात. एका ग्राहकाकडून वर्षात होणारी फी ठरावीक मर्यादेपुढे गेली तरच ही कापणी होते; ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली. पॅन दिला नसेल तर कापणी २० टक्के. हे पैसे बुडालेले नसतात, तुमच्या नावावर सरकारजमा असतात आणि विवरणपत्र भरलं की हिशोबात धरले जातात. पण ग्राहकाने कापून ते भरलेच नाहीत तर? म्हणून दर तिमाहीनंतर महिना-दीड महिन्याने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमचं वार्षिक माहिती विवरण उघडा आणि आपल्या वहीशी ताडा. वर्षअखेरीस शोधलं तर हिशोबनीस बदललेला असतो आणि कुणालाच काही आठवत नाही.

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा अधिक निघत असेल तर आगाऊ कराचे हप्ते भरावे लागतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. अंदाजे उत्पन्नावर कर भरायची सवलत ठरावीक व्यवसायांना आहे, ती सीएला विचारल्याशिवाय निवडू नका. त्याची फी वर्षातून एकदा जाते, चुकीचा फॉर्म वर्षानुवर्षं छळतो.

वसुलीचा क्रम असा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एक साधी आठवण. आठवड्याने हिशोब विभागाला थेट फोन, कारण काम देणाऱ्या माणसाला बहुतेकदा बिल कुठे अडकलं ते ठाऊकच नसतं. तिसऱ्या आठवड्यात बिल पुन्हा जोडून ईमेल, आणि पैसे येईपर्यंत नवीन काम बंद. शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत लवकर लागू पडतो.

हात थोडा बळकट करायचा असेल तर सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. दोन हजार मागणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी असली की २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं ग्राहकाला बंधनकारक ठरतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी कामाच्या आधी झालेली असावी, पैसे अडकल्यावर नव्हे. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा. मी छापायला लागल्यापासून आठवणीचे फोन निम्मे झाले, व्याज मात्र अजून एकदाही मागावं लागलेलं नाही.

तपासा: दर महिन्याच्या ५ तारखेला वहीत चार रकाने भरलेले हवेत: बिल क्रमांक, रक्कम, हातात आलेले पैसे, कापलेला टीडीएस. तिसरा रकाना रिकामा असलेल्या ओळीपुढे लाल पेनने ग्राहकाचा नाही, त्याच्या हिशोबनिसाचा नंबर लिहून ठेवा.